मोरपिशी भिंत

यंदा दिवाळीआधी आमच्या संभाजीनगरच्या घराला रंग द्यायचे ठरले आणि घरात दोन पक्ष पडले. सौभाग्यवतींना बैठकीची एक भिंत गडद मोरपिशी हवी होती. मला आपला नेहमीचा पांढरा बरा. “खोलीची कोठडी होईल!” मी बजावले. रंगाऱ्यानेही मान डोलावली.

निकाल आईवर सोपवला. तिने मुकाट्याने पेटीतून पैठणी काढली. उभा धागा निळा, आडवा हिरवा. हलवावी तशी छटा पालटे. वडील गेल्यापासून ती घडी मोडलेली नव्हती. “हा रंग डोळ्यांपुढे राहू दे,” एवढेच ती म्हणाली.

आणि मी ओशाळलो. मुलांना घेऊन अजिंठ्याला जातो तेव्हा मीच सांगतो, की हिरवा रंग इथल्या मातीचा. निळ्यासाठी मात्र लाजवर्दाचा दगड थेट अफगाणिस्तानातून येई. अंधाऱ्या लेण्यांत ते चित्रकार गडद रंगाला भ्याले नाहीत. मी दोन खिडक्यांच्या खोलीत भीत होतो!

खिडकीसमोरची भिंत मोरपिशी केली, उरलेल्या तीन दुधी ठेवल्या. कोठडी काही झाली नाही. पितळी समई उलट उजळली.

आई आता त्याच भिंतीशी खुर्ची टाकून बसते. तिचे पांढरे केस, फिकट लुगडे, सारे उठून दिसते. इतकी वर्षे पांढऱ्या भिंतीपुढे ती बसतच होती. मला मात्र ती दिसत नव्हती.