मंडळीचें काम मंडळीनेंच करावें

चंदगड तालुक्यांत भाताची लावण सुरू झाली कीं शेतकरी एकमेकांचा पैरा करतात. आज याच्या शेतांत दहा हात, उद्यां त्याच्या. एकटाच लावण उरकीन म्हणणाऱ्यास गांव वेडा ठरवील. परंतु हाच शहाणा मनुष्य उपासनामंदिराचा उंबरठा ओलांडतांच सारा भार एका पाळकावर टाकून मोकळा होतो. ही विसंगति आमच्या ख्रिस्ती बंधूंच्या नजरेस आणणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

उपदेश पाळकानें करावा, आजाऱ्यास त्यानेंच भेटावें, मुलांस त्यानेंच शिकवावें, वर्गणी गोळा करून हिशेबही त्यानेंच राखावा; मंडळीनें फक्त रविवारीं बांकावर येऊन बसावें! ज्या मुलुखांत वाड्या डोंगरांत विखुरलेल्या आहेत व भर पावसांत एकीहून दुसरीस जाणें जिकिरीचें होतें, तेथें एकटा मनुष्य किती घरें गांठणार? त्याची बदली झाली किंवा तो आजारी पडला, म्हणजे सारेंच काम खोळंबतें.

ही संवय पडण्यास इतिहासही कारण आहे. 1852 सालीं रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यानें कोल्हापुरांत काम आरंभिलें. शाळा निघाल्या, मंडळ्या उभ्या राहिल्या. पण जेथें पगार दुरून येतो, तेथें काम पगारी माणसाचें, ही समजूतही सहज रुजते. कवि नारायण वामन टिळक यांनीं 1917 सालीं मिशनचा पगार सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या दोघांसही स्थान होतें. दुर्दैवानें दोनच वर्षांनीं ते निवर्तले. आतां मंडळ्यांचा कारभार एतद्देशीयांच्या हातीं आहे. जुनी संवय मात्र पुष्कळ ठिकाणीं गेलेली नाहीं.

कोणी म्हणेल, अशिक्षितांच्या हातीं धर्मकार्य दिल्यास अनर्थ होईल. संस्कारविधि दीक्षित पाळकाकडे खुशाल राहोत. पण आजाऱ्याच्या उशाशीं बसण्यास व चोख हिशेब ठेवण्यास कोणती दीक्षा लागते? यरुशलेमेंतील आद्य मंडळींत विधवांच्या अन्नवाटपाविषयीं कुरकुर झाली, तेव्हां प्रेषितांनीं तें काम स्वतःकडे न ओढतां मंडळीकडून सात जण निवडविले. रोमन कॅथलिक पंथाच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेंही 1965 सालीं प्रापंचिकांच्या सेवाकार्याविषयीं स्वतंत्र ठराव केला.

तालुक्यांतीलच गोष्ट घ्या. 23 डिसेंबर 2018 रोजीं कोवाड येथें प्रार्थनेस जमलेल्यांवर तोंडें झांकलेल्या टोळक्यानें सशस्त्र हल्ला केला. कित्येक जखमी झाले. तें कृत्य सर्वथा निंद्य होय. त्या वेळीं स्त्रियांनीं मिरचीपूड फेकून हल्लेखोरांस अडविलें, असें वृत्तपत्रांतून आलें होतें. संकटांत ज्यांनीं मंडळी राखली, त्यांनीं इतर दिवशीं मुकाट बसावें, हा न्याय कोणता?

आमची सूचना साधी आहे. व्यापाऱ्यानें वर्गणीचा जमाखर्च ठेवून तो दरमहा सर्वांसमक्ष वाचावा. शिक्षकानें मुलांचा वर्ग घ्यावा. प्रत्येक वाडींत एका स्त्रीनें व एका पुरुषानें आजाऱ्यांची वास्तपुस्त करावी. आणि पाळकानें या सर्वांस शिकवून तयार करावें. यांत पाळकाचा मान कमी होत नाहीं, उलट वाढतो.

देवस्थानें व संस्था चालविणाऱ्या इतर वाचकांनींही हा बोध घेण्यास हरकत नाहीं. बांधावर उभें राहून पैरा फिटत नाहीं. त्यासाठीं चिखलांत उतरावें लागतें.