शेजाऱ्याची लस आपल्या कामाची नाही

तूर सोंगून झाली होती. इंझोरीच्या शिवारात माझ्या शेजारच्या शेतकऱ्याच्या टाचेत फणकट घुसले. त्याने ते उपटले, हळद दाबली आणि वर चिंधी बांधली. वय पंचावन्नच्या पुढे. मी म्हटले, "आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या." तो हसला. "काई नाई होत भाऊ. लहानपनी टोचेल हाये." आणि त्याने बाही वर करून दंडावरचा व्रण दाखवला.

तो व्रण देवीच्या लसीचा होता! देशात बालकांसाठी धनुर्वाताच्या लसीचा व्यापक कार्यक्रम सुरू झाला तो १९७८ मध्ये. तोवर हा गडी गुरे राखू लागला होता.

एके काळी भारतात वर्षाला दीड ते दोन लाख अर्भकांना धनुर्वात होत असे. गर्भवतींना मिळालेली लस आणि स्वच्छ बाळंतपण यांमुळे चित्र पालटले. २०१५ मध्ये माता व नवजातांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. पण याचा अर्थ इतकाच, की प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी बालकाला तो होतो. जंतूंचे बीजाणू मातीत आणि शेणखतात होते तसेच आहेत.

हा रोग करतो तरी काय? आपल्या मज्जातंतूंच्या टोकांशी रसायनांनी भरलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या असतात. त्यांच्या आवरणावर 'सिनॅप्टोब्रेविन' नावाचे प्रथिन असते. ते पेशीच्या आवरणावरील प्रथिनांशी दोरीसारखा पीळ घालते, पिशवी आवरणाला भिडते आणि आतला माल बाहेर पडतो. पेशींतील अशा वाहतुकीचा उलगडा केल्याबद्दल रॉथमन, शेकमन आणि सुडहॉफ यांना २०१३ चे नोबेल मिळाले. धनुर्वाताचे विष याच दोरीला कात्री लावते, हे १९९२ मध्ये उघड झाले.

हे प्रथिन केवळ मज्जातंतूंत नाही. स्वादुपिंडात ते इन्सुलिन बाहेर सोडायला मदत करते. स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींत साखर आत घेणारी दारे पृष्ठभागावर आणायला लागते. मूत्रपिंडात पाणी वाचवायलाही राबते. धनुर्वाताचे विष मात्र मज्जातंतूंची वाट धरून मज्जारज्जूत शिरते. तेथे स्नायूंना 'सैल हो' सांगणारा निरोप अडतो. जबडा मिटतो, पाठ धनुष्यासारखी ताणते. दूषित डबाबंद अन्नातील बोटुलिनम विषाचे काही प्रकार हीच दोरी कापतात, पण स्नायूपाशी. तेथे 'आवळ' हा निरोप अडतो आणि माणूस लुळा पडतो. दोरी एकच, कोठे तुटली, त्यावर सारे अवलंबून.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची १९६६ मधील सुरुवातच घोड्यांच्या रक्तापासून धनुर्वातविरोधी सीरम करण्याने झाली. पण सीरम रक्तात मोकळे फिरणारे विष पकडते. मज्जातंतूत शिरलेले त्याच्या हाती लागत नाही. म्हणून आधी टोचून घेणे हाच शहाणपणा.

सरकारी कार्यक्रमात बालकांना लस मिळते, दहाव्या आणि सोळाव्या वर्षी मिळते, गर्भवतींना मिळते. पुढे पुरुषाच्या खात्यात नोंदच होत नाही, आणि लसीचे बळ तर वर्षांगणिक ओसरते. रोग होऊन गेला तरी प्रतिकारशक्ती येत नाही. शिवाय हा रोग माणसाकडून नव्हे, मातीतून येतो. त्यामुळे गावाने लस घेतली म्हणून आपण वाचत नाही. शेजाऱ्याच्या शिल्लकेवर आपला चेक वटत नाही, हे बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाने वेगळे काय सांगावे!

शेवटी त्याच्या बायकोने दम दिला तेव्हा तो माझ्या स्कूटरवर बसला. "मले तर दोन्ही बाळंतपनात टोचलं, तुमालेच कायचं भेव?" असा तिचा सवाल होता.

मुदत संपलेल्या ठेवीबद्दल आम्ही खातेदाराला पत्र पाठवत असू. लसीची मुदत संपल्याचे पत्र कोणी पाठवत नाही. आज जेवायला बसाल तेव्हा घरातल्या बाप्यांना एवढेच विचारा : शेवटची सुई कधी घेतली?