बिकिनीची माती आणि ‘सात-दहा’चा नियम

अणुस्फोटानंतर पसरलेला किरणोत्सार फार झपाट्याने ओसरतो, त्यामुळे चाचणीक्षेत्रातील धोका हा फार तर काही आठवड्यांचा प्रश्न असतो, असा एक युक्तिवाद केला जातो, आणि त्याच्या पुष्टीसाठी ‘सात-दहा’चा नियम पुढे केला जातो. स्फोटानंतरचा काळ सातपट झाला की किरणोत्साराची तीव्रता दशांशावर येते, असे हा नियम सांगतो. म्हणजे पहिल्या तासाच्या तुलनेत ती ४९ तासांनी शतांश आणि सुमारे दोन आठवड्यांनी सहस्रांश उरते. नियम खोटा नाही. विखंडनातून, म्हणजे जड अणुकेंद्र फुटण्यातून, शेकडो अस्थिर समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे निरनिराळ्या वस्तुमानाचे अणू) एकदम जन्मतात, त्यांतील अल्पायुषी आधी संपतात आणि सर्वांची बेरीज साधारण या गतीने घटते. खोटा आहे तो त्यातून काढलेला निष्कर्ष.

किरणोत्सार झपाट्याने घटतो याचाच दुसरा अर्थ असा की, त्याचा मोठा वाटा पहिल्या काही तासांतच आसपासच्या जिवांवर पडून जातो. १ मार्च १९५४ रोजी मार्शल बेटांतील बिकिनी येथे ‘कॅसल ब्राव्हो’ हा १५ मेगाटनांचा स्फोट झाला. त्याची भुकटी काही तासांतच राँगेलापवर पांढऱ्या राखेसारखी पडली, पण तेथील रहिवाशांना हलवण्यात आले ते सुमारे दोन दिवसांनी. तोवर तीव्रता उतरली होती हे खरे. ती उतरत असतानाच ही माणसे त्या राखेत वावरली आणि तिने दूषित झालेले पाणी प्यायली. आठ दिवसांत निम्मे होणारे आयोडीन-१३१ आणि त्याहूनही अल्पायुषी आयोडिने त्यांच्या थायरॉइड ग्रंथीत साठली, आणि पुढे तेथील अनेक मुलांच्या ग्रंथींत गाठी आढळल्या.

शिवाय हा नियम साधारण पहिल्या सहा महिन्यांपुरताच भरवशाचा आहे. त्यानंतर मातीच्या नमुन्यात राज्य असते ते सुमारे तीस वर्षे अर्धायुष्य असलेल्या सीझियम-१३७चे आणि जवळजवळ तितक्याच आयुष्याच्या स्ट्रॉन्शियम-९०चे. अर्धायुष्य म्हणजे निम्मे अणू क्षय पावण्यास लागणारा काळ. बिकिनी १९६८ मध्ये परतण्यास योग्य ठरवले गेले, काही कुटुंबे परतलीही, परंतु त्यांच्या शरीरातील सीझियम वाढत असल्याचे मोजमापांत दिसून आल्यावर १९७८ मध्ये त्यांना पुन्हा बेट सोडावे लागले. प्रवाळाच्या मातीत पोटॅशियम फार कमी असते, आणि रासायनिक स्वभावाने त्याच्याशी मिळतेजुळते असलेले सीझियम नारळाची मुळे त्याच्या जागी शोषून घेतात. हवेतल्या किरणोत्साराचा आकडा बेट राहण्याजोगे असल्याचे सुचवू शकत होता. नारळाचा गर ते नाकारत होता. माणसे हवेत राहतात तशीच त्या मातीत पिकलेले खातात, ही साधी गोष्ट हिशेबात पुरेशी धरली गेली नाही, आणि तिची किंमत त्या कुटुंबांनी मोजली.

याउलट, अर्धायुष्याचा आकडा मोठा म्हणजे नमुन्यातील घट अशक्य, हे म्हणणेही टिकत नाही. कार्बन-१४चे अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षे आहे. तरी चाचण्यांमुळे १९६०च्या दशकाच्या मध्यास उत्तर गोलार्धाच्या हवेत जवळजवळ दुप्पट झालेले त्याचे प्रमाण १९६३च्या अंशतः चाचणीबंदी करारानंतर उतरू लागले आणि दोन दशकांच्या आतच जादा भाग निम्म्याहून कमी झाला. अणू नष्ट झाले नव्हते, ते समुद्रात आणि वनस्पतींत गेले होते. बिकिनीच्या मातीतील सीझियमही पावसाच्या पाण्याबरोबर मुळांच्या आवाक्याबाहेर झिरपते, म्हणून तेथे ते क्षयाच्या गणितापेक्षा लवकर घटते. आणि मातीला पोटॅशियमयुक्त खत दिले की नारळातील सीझियम आणखी उतरते, हेही प्रयोगांनी दाखवले आहे.

म्हणून नमुन्यातील घट मोजताना क्षय किती आणि स्थलांतर किती, कोणते समस्थानिक कोणत्या वाटेने शरीरात येते, हे वेगवेगळे सांगितलेच पाहिजे; एकच वक्र काढून बेट निर्धोक ठरवणे हे शास्त्र नव्हे. काही समस्थानिकांची वाट तर उलटीच असते. सुमारे १४ वर्षे अर्धायुष्य असलेल्या प्लुटोनियम-२४१चा क्षय होऊन त्याचे अमेरिशियम-२४१ बनते, ज्याचे अर्धायुष्य ४३० वर्षांहून अधिक आहे. त्यामुळे स्फोटानंतर कित्येक दशके, एकूण किरणोत्सार उतरत असतानाही, त्याच मातीतील अमेरिशियम मात्र चढत राहते.