धुराचे इंधन होईल, पण वीज कुणाची?

एकलहरे औष्णिक केंद्राच्या चिमणीतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपासून इंधन बनवता येईल का? रसायनशास्त्र ‘हो’ म्हणते. नाशिककरांनी मात्र पुढचा प्रश्न विचारायला हवा.

तांबेच का?
कार्बन डायऑक्साइड विरघळवलेल्या क्षारयुक्त पाण्यात तांब्याचा इलेक्ट्रोड ठेवून वीज सोडली, की मिथेन, इथिलीन, इथेनॉल तयार होते. १९८०च्या दशकात जपानच्या योशिओ होरी यांनी हे दाखवले. सोने-चांदी मुख्यतः कार्बन मोनॉक्साइडवर थांबतात. तांबे त्याला ना घट्ट धरते, ना चटकन सोडते; म्हणून दोन कार्बन जोडले जातात.

अडचण कुठे?
एकाच वेळी अनेक पदार्थ बनतात, हायड्रोजनही सुटतो. शिवाय वीज खूप लागते: इथिलीनच्या एका रेणूसाठी १२ इलेक्ट्रॉन. ती कोळशाची असेल, तर वाचेल त्यापेक्षा जास्त कार्बन हवेत जाईल.

नाशिकने काय करावे?
सुरुवात चिमणीपासून नको. त्या धुरात बहुतांश नायट्रोजन असतो. वायू वेगळा करणेच महाग. उलट दिंडोरी, गंगापूर भागातील वायनरींत द्राक्षरस आंबताना जवळपास शुद्ध कार्बन डायऑक्साइड निघतो, एक किलो साखरेमागे सुमारे अर्धा किलो. तो हंगामी आणि थोडा आहे, पण प्रयोगाला पुरेसा. सौर विजेवर चालणारा छोटा प्रकल्प स्थानिक अभियांत्रिकी महाविद्यालयांनी तिथेच उभारून पाहावा.

तोवर धुराचे इंधन करू म्हणणाऱ्याला एकच विचारा: वीज कुठून आणणार?