सगळं इन्क्लुडेड, देश सोडून

मालदीवहून परत आलो. चार रात्री, 'ऑल इन्क्लुझिव्ह', मनगटावर प्लास्टिकचा पट्टा. मी आणि बायको मस्त लोळलो, खोटं कशाला बोला! पण गेटवर ओळख, ठरलेल्या वेळी कॅन्टीन, ने-आण करायला गाडी... अहो, चाकणच्या कंपनीत वेगळं काय असतं? समुद्र तेवढा नसतो.

१९७२ मध्ये कुरुंबा हे तिथलं पहिलं रिसॉर्ट उघडलं. पुढे 'एक बेट, एक रिसॉर्ट' हीच रीत पडली. लोकवस्तीची बेटं वेगळी. तिथे दारूबंदी, आपल्याकडे बार. टीममधले म्हणतात, पैसा वसूल! कसला वसूल? चार दिवसांत धिवेहीचा एक शब्द शिकलो नाही. आता माफुशीसारख्या बेटांवर गावातच गेस्टहाऊस मिळतात, खर्चही कमी. बायकोने हे जाण्याआधीच सांगितलं होतं. मीच पॅकेजवर अडलो होतो.