साडेचार टनांची भिंत

ऑस्ट्रेलियातील एखाद्या पंपावर अवजड मालमोटार आणि नळजोडणी करणाऱ्या कारागिराची छोटी गाडी शेजारी उभ्या राहून डिझेल घेतात, तेव्हा लिटरमागे दोघांनाही सारखाच अबकारी कर द्यावा लागतो. पुढे मालमोटारीच्या मालकाला त्यातील काही भाग परत मिळतो. कारागिराला छदामही नाही. २००६ च्या इंधन कर कायद्याने सार्वजनिक रस्त्यावरील व्यावसायिक वाहनांसाठी आखलेली साडेचार टनांची मर्यादा हे याचे कारण. मालासह मान्य वजन त्याहून अधिक असेल तरच परतावा मिळतो. छोट्या गाडीमागे जोडलेल्या ट्रेलरचे वजनही या हिशेबात धरले जात नाही.

या परताव्यामागील तत्त्व चुकीचे आहे असे कोणी म्हणणार नाही. उत्पादनाच्या साधनांवर कर बसला की तो किमतींवर चढत अखेर ग्राहकाच्याच माथी येतो. म्हणूनच खाणीतील आणि शेतातील यंत्रांना पूर्ण परतावा आहे, तर रस्ते झिजविणाऱ्या मालमोटारीच्या परताव्यातून रस्ता-वापर आकार वजा होतो. पण कारागिराची गाडी हे त्याच्या उत्पादनाचे साधन नव्हे काय?

२०२२ साली ३० मार्चपासून सहा महिने हा कर लिटरला ४४.२ सेंटांवरून २२.१ सेंटांवर आणण्यात आला. रस्ता-आकार २६.४ सेंट, म्हणजे उरलेल्या कराहून अधिक असल्याने मालमोटारींचा परतावा शून्यावर आला. तेवढ्या काळात दोन्ही वाहनांवरील भार समान झाला. पण ही समता न्यायबुद्धीने आली नव्हती, केवळ आकड्यांच्या योगायोगाने आली होती. मुदत संपताच ती गेली.

छोट्या गाडीचा घरगुती आणि व्यावसायिक वापर वेगळा काढणे कठीण, असा युक्तिवाद यावर होऊ शकेल. तो टिकणारा नाही. ट्रेलरवरील शीतयंत्रासाठी जळलेले डिझेल आणि मालमोटार ओढण्यासाठी जळलेले डिझेल यांचा वेगळा हिशेब हीच व्यवस्था मान्य करते, आणि शीतयंत्राच्या डिझेलवर पूर्ण परतावा देते. जिथे एवढा सूक्ष्म विवेक शक्य आहे, तिथे कारागिराने नीट ठेवलेली प्रवासाची नोंदवही अमान्य का व्हावी? छोट्या गाडीकडूनही रस्त्याचा योग्य आकार जरूर घ्यावा. मात्र उरलेला कर तिलाही परत मिळावा. कराने व्यवसायाचा हेतू पाहावा, वाहनाचा आकार नव्हे. दुबळ्याला हिशेब जमणार नाही असे गृहीत धरून त्याचा हक्कच नाकारणे, ही सोय शासनाची झाली; तिला न्याय म्हणता येणार नाही.