बागेला सौरपंप, बाळंतिणीला मोबाईलचा उजेड?



२०२३ साली पांढुर्णा आणि सौसर छिंदवाड्यातून वेगळे होऊन आपला नवा जिल्हा झाला. हार-तुरे झाले, पाट्या बदलल्या. आता आमचा साधा सवाल आहे. मृगाच्या पावसात रात्री दोनला लाईन गेली, तर डोंगराकडच्या उपस्वास्थ्य केंद्रात आलेली बाई कोणत्या उजेडात मोकळी होणार?

"वीज तर गावोगाव पोहोचली" हे उत्तर ऐकून आमचे कान किटले. खांब उभा असणे निराळे आणि नेमक्या घटकेला दिवा लागणे निराळे. टाके घालायचे तर उजेड हवा, लस ठेवायची तर २ ते ८ अंश थंडावा हवा. जनरेटर असेलही, पण त्यात डिझेल कोण ओतणार?

यावर उपाय जुना झाला आहे. २००८ मध्ये लॉरा स्टॅचेल या अमेरिकन डॉक्टरबाईंनी नायजेरियात अंधारात होणारी बाळंतपणे पाहिली. त्यांचे पती हॅल अॅरॉन्सन यांनी मग पेटीत मावेल असा सौर संच तयार केला. छपरावर पॅनेल, भिंतीवर पेटी, तिच्यात बॅटरी, एलईडी दिवे, मोबाईल चार्जिंग आणि बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकण्याचे यंत्र. भाड्याच्या खोलीतले उपकेंद्र हलले तर पेटीही सोबत हलते.

परदेशाचे सोडा. ३१ ऑक्टोबर २००० पर्यंत छत्तीसगड आपल्याच राज्यात होते. तिथल्या 'क्रेडा' या सरकारी संस्थेने २०१२ ते २०१६ या काळात पाचशेंहून अधिक ठिकाणी, मुख्यतः प्राथमिक आरोग्य केंद्रांवर, २ किलोवॅटचे सौर संच बसवले. २०१७ च्या अभ्यासात अशा केंद्रांतली महिन्याची बाळंतपणे संच नसलेल्या केंद्रांच्या जवळजवळ दुप्पट निघाली. सारे श्रेय सूर्याचे नसेल, पण दिवा असलेल्या दवाखान्यात माणूस जातो हे सांगायला अभ्यास कशाला? मुख्य म्हणजे 'क्रेडा'ने देखभालीचीही व्यवस्था ठेवली. नाहीतर दोन वर्षांत बॅटरी मरते आणि पॅनेलवर पापड वाळत पडतात!

मध्य प्रदेशाला सूर्य नाही काय? रीव्याच्या ७५० मेगावॅट सौर प्रकल्पाची वीज दिल्लीची मेट्रो ओढते. 'कुसुम' योजनेत सौरपंपाला अनुदान मिळते. संत्र्याच्या झाडाची तहान सरकारला कळते. झाडाला मत नसूनही कळते!

आणि आपणही स्वतःला विचारू. आपल्यापैकी ज्यांच्या दारात गाडी आहे, ते दुखणे आले की नागपूर गाठतात. सौसरहून तर दीड तासाचीही वाट नाही. गोंड वस्तीतल्या बाईला ती वाट नाही. १९५६ पासून आपण मराठी शाळा मागतो, मराठी पाटी मागतो, ते रास्तच आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या इथले म्हणवून घ्यायचे, तर शेजारच्या टोल्यावरचा अंधारही आपलाच.

आमची मागणी अशी. ज्या ज्या केंद्रात बाळंतपणे होतात, तिथे येत्या पावसाळ्यापूर्वी सौर संच किंवा पेटी बसवावी. सौसरच्या मातीतून मँगनीज निघते आणि जिल्हा खनिज निधीत आरोग्य हा अग्रक्रमाचा विषय आहे. पैसा तिथून घ्यावा, कमी पडला तर आमदार निधीतून. संचासोबत पाच वर्षांच्या देखभालीचा करार असावा आणि दुरुस्ती करणाऱ्याचा फोन नंबर केंद्राच्या दारावर हिंदीत, मराठीत रंगवावा. ग्रामसभेत हा ठराव मांडा आणि त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या. पोच घ्यायला विसरू नका.